अमेरिकेंतील गुलामगिरीचा वाद व अस्सल कागद

परकीय इतिहासाचा विषय त्रैमासिकाच्या पानांत कां घ्यावा, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. ज्यांनीं आपलें आयुष्य दप्तरें धुंडाळण्यांत, कसर लागलेले रुमाल सोडण्यांत व मोडी लावण्यांत घालविलें, त्यांस अमेरिकेंतील भांडणाशीं काय कर्तव्य? यावर आमचें उत्तर असें कीं, त्या देशाची जी दुफळी झाली, तिचा एक मोठा भाग एकाच कागदाच्या दोन वाचनांचा आहे. आणि त्या कागदांत जो शब्द लिहिलेला नाहीं, त्या शब्दाभोंवतीं हा सर्व वाद सत्तर वर्षें फिरत राहिला. कागद वाचणें हा ज्यांचा व्यासंग, त्यांनीं हें प्रकरण मुद्दाम पाहण्यासारखें आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध इ. स. १८६१ च्या एप्रिलांत सुरू झालें व १८६५ त संपलें. त्यांत सहा लक्षांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. हें युद्ध कशावरून झालें, या प्रश्नास दोन उत्तरें देण्यांत आलीं. एक असें कीं, तें गुलामगिरीवरून झालें. दुसरें असें कीं, गुलामगिरी हें केवळ निमित्त, खरा तंटा संस्थानांच्या स्वायत्ततेचा. दुसरें उत्तर मुख्यत्वेंकरून युद्धानंतर पराभूत पक्षाच्या पुढाऱ्यांनीं लिहिलेल्या ग्रंथांतून पसरलें. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ही स्थिति ओळखीची वाटेल. मागाहून लिहिलेली बखर एक सांगते आणि त्या त्या दिवशीं लिहिलेलें पत्र दुसरेंच सांगतें, अशा वेळीं विश्वास कोणावर ठेवावा, हें वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड काढून आपणांस शिकविलें. तीच कसोटी येथें लावून पाहूं.

१. गाळलेला शब्द

इ. स. १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें संयुक्त संस्थानांची राज्यघटना तयार झाली व १७ सप्टेंबर रोजीं तिच्यावर ३९ सभासदांनीं सह्या केल्या. १७९० सालीं जी पहिली खानेसुमारी झाली, तींत सुमारें सात लक्ष गुलाम मोजले गेले. इतक्या माणसांची व्यवस्था घटनेस टाळतां येणें शक्य नव्हतें. तींतील तीन कलमें सरळ त्यांच्याविषयींचीं आहेत. पहिल्यानें प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांस तीन माणसें धरावीं असें ठरविलें. दुसऱ्यानें बाहेरून गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पूर्वीं बंद करण्यास काँग्रेसला मनाई केली. तिसऱ्यानें एका संस्थानांतून पळून दुसऱ्यांत गेलेला गुलाम धन्यास परत देण्याचें बंधन घातलें. परंतु मूळ संहितेंत 'गुलाम' किंवा 'गुलामगिरी' हा शब्द एकदांही आलेला नाहीं. 'इतर सर्व व्यक्ति', 'अशा व्यक्ति', 'सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ति' अशा आडवळणाच्या शब्दयोजना आढळतात.

हें अनवधान नव्हे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ओहायो नदीच्या वायव्येकडील मुलुखासाठीं जो कायदा झाला, त्यांत गुलामगिरीस बंदी असून तो शब्द उघड लिहिला आहे. म्हणजे जी गोष्ट मना करावयाची, तेथें तिचें नांव लिहिलें. जी चालू ठेवावयाची, तेथें तें गाळलें. घटनाकारांस लाज वाटली कीं त्यांनीं धूर्तपणा केला, याचा निर्णय पुढील पिढ्यांनीं आपापल्या सोयीनें केला. आणि दुफळीचें बीज येथेंच आहे.

२. कापूस

उत्तरेकडील संस्थानांनीं गुलामगिरी हळूहळू काढून टाकिली. पेन्सिल्व्हेनियानें १७८० त क्रमाक्रमानें मुक्तता करण्याचा कायदा केला. न्यू यॉर्कनें १७९९ त तसेंच केलें व तेथील गुलामगिरी १८२७ त संपली. दक्षिणेंतही ती आपोआप क्षीण होईल, असें अनेकांस वाटत होतें. पण १७९३ सालीं एली व्हिट्ने यानें कापसांतील सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें आणि हिशेब पालटला. आंखूड धाग्याच्या कापसाची सरकी हातानें काढणें फार वेळखाऊ काम होतें. तें यंत्रानें झपाट्यानें होऊं लागतांच इंग्लंडांतील गिरण्यांसाठीं कापूस पिकविणें हा दक्षिणेचा मुख्य धंदा बनला. १८६० च्या सुमारास देशाच्या एकंदर निर्यातीच्या निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची होती, आणि गुलामांची संख्या सुमारें साडेएकोणचाळीस लक्षांवर गेली होती. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास कायद्यानें बंदी होती; म्हणून व्हर्जिनियासारख्या जुन्या संस्थानांतून माणसें विकून नैर्ऋत्येकडील नव्या मळ्यांवर नेण्याचा अंतर्गत व्यापार वाढला. नवरा एकीकडे व बायको दुसरीकडे, आई एकीकडे व मूल दुसरीकडे, अशीं खरेदीखतें त्या काळचीं आहेत. उत्तरही यांतून अलिप्त नव्हती. तिच्या गिरण्यांस तोच कापूस लागे व न्यू यॉर्कच्या पेढ्या त्याच कापसावर कर्ज देत.

३. रेघ

वाद गुलामगिरी असावी कीं नसावी येथून सुरू झाला नाहीं. ती नव्या मुलुखांत जावी कीं न जावी, येथून सुरू झाला. १८१९ त देशांत अकरा संस्थानें गुलामगिरीचीं व अकरा तिच्यावांचूनचीं अशीं होतीं, व सेनेटांत दोन्ही पक्षांचीं मतें सारखीं पडत. त्या वर्षीं मिसुरीनें प्रवेश मागितला. तेथें यापुढें गुलाम आणूं नयेत अशी उपसूचना प्रतिनिधिसभेंत मान्य झाली व सेनेटांत फेटाळली गेली. शेवटीं १८२० त तडजोड झाली: मिसुरी गुलामगिरीसह, मेन तिच्यावांचून, आणि मिसुरी खेरीज करून लुइझियाना खरेदीच्या उरलेल्या मुलुखांत ३६ अंश ३० कला या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी नाहीं. वृद्ध जेफर्सन यांनीं त्या वर्षीं एका पत्रांत या प्रश्नास मध्यरात्रीं वाजणाऱ्या आगीच्या घंटेची उपमा दिली. स्वतः शेंकडों गुलामांचे धनी असलेल्या गृहस्थाचें हें पत्र आहे, हें ध्यानांत ठेवावें.

४. अर्ज न वाचण्याचा नियम

१ जानेवारी १८३१ रोजीं बोस्टन येथें विल्यम लॉइड गॅरिसन यांनीं 'लिबरेटर' हें साप्ताहिक काढून तत्काल मुक्ततेची मागणी मांडली. त्याच वर्षीं ऑगस्टांत व्हर्जिनियांत नॅट टर्नर याचें बंड झालें; त्यांत पन्नासांहून अधिक गोरे मारले गेले व सूड म्हणून त्याहून अधिक काळे मारले गेले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें पुढील हिवाळ्यांत गुलामगिरी काढावी कीं काय यावर उघड चर्चा केली, व ती ठेवावी असें ठरविलें. तेथून दक्षिणेचा सूर बदलला. आधींची पिढी गुलामगिरीस वारशानें आलेलें संकट म्हणे. १८३७ त साउथ कॅरोलायनाचे सेनेटर कॅल्हून यांनीं ती हितकर संस्था आहे असें सेनेटांत सांगितलें.

एवढ्यानें भागेना, म्हणून कागदच बंद करण्याचा यत्न झाला. १८३५ त चार्ल्सटन येथें जमावानें टपालांतून आलेलें मुक्तिवादी वाङ्मय काढून जाळलें. १८३६ त प्रतिनिधिसभेनें असा ठराव केला कीं, गुलामगिरीविषयीं येणारे अर्ज न वाचतां, न छापतां बाजूस ठेवावे. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्या वेळीं सभेचे सभासद होते. त्यांनीं आठ वर्षें या नियमाविरुद्ध झुंज दिली, व १८४४ च्या डिसेंबरांत तो रद्द करविला. परिणाम उलटाच झाला: ज्यांस गुलामांची फारशी पर्वा नव्हती, अशा उत्तरेकडील लोकांसही आपला अर्ज करण्याचा हक्क जातो असें दिसून आलें, व अर्जांचा पूर आला. न वाचलेले ते अर्ज राष्ट्रीय दप्तरखान्यांत आज जपून ठेविलेले आहेत.

याच सुमारास धर्मसंस्थाही दुभंगल्या. मेथॉडिस्ट १८४४ त व बॅप्टिस्ट १८४५ त गुलामगिरीवरून उत्तर व दक्षिण असे विभागले. एका देवळांत बसणें ज्यांस अशक्य झालें, त्यांचें एका सभागृहांत बसणें फार काळ चालणार नव्हतें.

५. मॅडिसन यांचीं टिपणें

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या कथेंतील सर्वांत मनोवेधक भाग हा वाटेल. १७८७ ची सभा बंद दारांआड भरली होती. जेम्स मॅडिसन यांनीं तिचीं सविस्तर टिपणें ठेविलीं, पण हयातींत छापूं दिलीं नाहींत. १८३६ त ते वारले. १८३७ त काँग्रेसनें त्यांच्या पत्नीस ३०,००० डॉलर देऊन तीं विकत घेतलीं, व १८४० त तीं तीन भागांत प्रसिद्ध झालीं.

घटनेनें काय म्हटलें हें ठाऊक होतें. काय म्हणावयाचें टाळलें हें आतां प्रथमच सर्वांस कळलें. २५ ऑगस्ट १७८७ च्या टिपणांत मॅडिसन यांनींच, माणूस ही मालमत्ता असूं शकते ही कल्पना घटनेंत येणें गैर आहे, असें म्हटल्याची नोंद आहे. पण त्याच टिपणांत गुलामांच्या धन्यांस संतुष्ट करण्यासाठीं केलेले सौदेही पानोपानीं आहेत. त्यामुळें एकाच छापील साधनांतून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघाले. वेंडेल फिलिप्स यांनीं १८४४ त त्यांतील उतारे काढून घटना हा गुलामगिरीशीं केलेला करार आहे असें सिद्ध करण्याचा यत्न केला. गॅरिसन यांनीं तर ४ जुलै १८५४ रोजीं घटनेची प्रत भर सभेंत जाळली. उलट लिसँडर स्पूनर यांनीं १८४५ त असें प्रतिपादिलें कीं, सभेंतील बंद दारांआडचे हेतु कसेही असोत, कायदा म्हणजे लिहिलेले शब्द, आणि त्यांत गुलाम नाहीं. स्वतः गुलामगिरींतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस पहिल्यानें गॅरिसन यांच्या मताचे होते. १८५१ त त्यांनीं तें सोडून दुसरें वाचन स्वीकारलें. ज्या घटनेनें आपणांस माणूस म्हणून नांवही दिलें नाहीं, तिचाच आधार घेऊन आपली सुटका मागावी, हा निर्णय घेणाऱ्याच्या मनाची कल्पना वाचकांनींच करावी.

६. दस्तकें व दाखले

गुलामांच्या बाजूनें पाहतां कागद म्हणजे जीव होता. मळ्याबाहेर पडावयाचें तर धन्याचें दस्तक लागे. मुक्त असलेल्या काळ्या माणसास आपल्या मुक्ततेचा दाखला जवळ बाळगावा लागे. म्हणूनच गुलामास लिहावयास शिकविणें कित्येक संस्थानांत गुन्हा होता. डग्लस यांनीं आपल्या १८४५ च्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं, मेरीलँडांतून पळून जाण्याच्या पहिल्या बेतांत त्यांनीं धन्याच्या नांवानें दस्तकें स्वतः लिहिलीं. बेत फुटला. त्यांचें दस्तक आगींत गेलें. सोबत्यास त्यांनीं तें भाकरीबरोबर गिळण्यास सांगितलें. पुरावा नाहींसा झाला, म्हणून ते वांचले.

मेक्सिकोबरोबरच्या युद्धांत (१८४६-४८) मिळालेल्या मुलुखामुळें तंटा पुन्हां पेटला, व १८५० त नवी तडजोड झाली. तींत कॅलिफोर्निया गुलामगिरीवांचून आलें; मोबदल्यांत पळून गेलेल्या गुलामांविषयीं कडक कायदा झाला. त्या कायद्यान्वये पकडलेल्या माणसाची साक्ष घेतली जात नसे, व त्यास धन्याकडे पाठविण्याचा दाखला दिल्यास अधिकाऱ्यास दहा डॉलर, सोडून दिल्यास पांच डॉलर मिळत. दाखल्याचें लेखनकाम अधिक असतें, असा खुलासा समर्थकांनीं केला. विरोधकांस त्यांत लांच दिसली. १८५४ त अँथनी बर्न्स यास बोस्टनमधून परत नेण्यासाठीं सैन्य लावावें लागलें. आजवर दूर असलेली गुलामगिरी उत्तरेकडील माणसाच्या दारांत आली. हॅरिएट बीचर स्टो यांची कादंबरी १८५२ त निघाली, व पहिल्याच वर्षीं त्या देशांत तिच्या सुमारें तीन लक्ष प्रति खपल्या. पण उत्तरेच्या पुण्याईचेंही अवास्तव वर्णन करूं नये: इलिनॉयनें १८५३ त काळ्या माणसांस संस्थानांत वस्तीस येण्यासच बंदी केली होती.

७. दोन वाचनें

मे १८५४ त कॅन्सस व नेब्रास्का यांविषयींच्या कायद्यानें १८२० ची रेघ पुसून टाकिली, व गुलामगिरीचा निर्णय तेथील वसाहतवाल्यांवर सोपविला. दोन्ही पक्षांचे लोक कॅन्ससमध्यें शस्त्रें घेऊन उतरले. २२ मे १८५६ रोजीं सेनेटर सम्नर यांस सभागृहांतच एका दक्षिणी प्रतिनिधीनें काठीनें बेशुद्ध पडेपर्यंत मारलें. या धामधुमींतच गुलामगिरीच्या प्रसारास विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष जन्मास आला.

६ मार्च १८५७ रोजीं सुप्रीम कोर्टानें ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यांत निकाल दिला. मुख्य न्यायाधीश टॉनी यांनीं लिहिलें कीं, आफ्रिकी वंशाचा माणूस देशाचा नागरिक होऊं शकत नाहीं. व गुलामावरील मालकी घटनेंत स्पष्टपणें मान्य केलेली असल्यामुळें काँग्रेसला मुलुखांत गुलामगिरी मना करतां येत नाहीं. न्यायाधीश कर्टिस यांनीं भिन्नमतपत्रांत जुने कायदे काढून दाखविलें कीं, घटनेपूर्वींच न्यू हँपशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क, न्यू जर्सी व नॉर्थ कॅरोलायना या पांच संस्थानांत मुक्त काळ्या माणसांस मताचा हक्क होता. तेव्हां ते नागरिक नव्हते असें म्हणणें कागदास धरून नाहीं.

या निकालाचें सर्वांत पद्धतशीर खंडन एका वकिलानें केलें. अब्राहाम लिंकन यांनीं कांहीं महिने जुने अहवाल व सभावृत्तें चाळून २७ फेब्रुवारी १८६० रोजीं न्यू यॉर्क येथील कूपर युनियनमध्यें भाषण केलें. घटनेवर सह्या करणाऱ्या ३९ जणांपैकीं प्रत्येकानें मुलुखांतील गुलामगिरीविषयीं पुढें काय मत दिलें, हें त्यांनीं नांवनिशीवार शोधलें. २३ जणांचीं मतें नोंदींत सांपडलीं. त्यांतील २१ जणांनीं, म्हणजे सह्या करणाऱ्यांच्या बहुमतानें, काँग्रेसला तो अधिकार आहे असें आपल्या कृतीनें दाखविलें होतें. जी मालकी घटनेंत स्पष्ट मान्य आहे असें टॉनी म्हणतात, तिचा शब्दही घटनेंत नाहीं, हेंही त्यांनीं दाखवून दिलें. राजकीय भाषण म्हणून तें गाजलें. आम्हांस तें साधनांच्या छाननीचा उत्तम नमुना वाटतो. मात्र लिंकन यांची मागणी त्या वेळीं प्रसार थांबविण्यापुरतीच होती, हें विसरतां कामा नये.

८. लिहिलेला शब्द

नोव्हेंबर १८६० त लिंकन चाळीस टक्क्यांहूनही थोड्या कमी मतांवर निवडून आले. २० डिसेंबर रोजीं साउथ कॅरोलायनानें फुटून निघाल्याचा ठराव केला, व चार दिवसांनीं कारणांचा जाहीरनामा काढला. ज्यांस युद्धाचें कारण शोधावयाचें आहे, त्यांनीं हा कागद प्रथम वाचावा. उत्तरेकडील संस्थानांनीं पळालेले गुलाम परत देण्याच्या कामीं अडथळे आणणारे कायदे केले, ही त्यांतील मुख्य तक्रार. न्यू यॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतें जातांही येत नाहीं, असेंही म्हटलें आहे. म्हणजे एका संस्थानानें आपल्या हद्दींत आपला कायदा चालविला, हीच तक्रार! स्वायत्ततेसाठीं भांडणारा असें लिहीत नाहीं. मिसिसिपीनें तर आपली सर्व स्थिति गुलामगिरीशीं एकरूप असल्याचें आरंभींच सांगितलें. जॉर्जिया व टेक्सस यांचे जाहीरनामेही याच मासल्याचे आहेत.

११ मार्च १८६१ रोजीं फुटलेल्या संस्थानांनीं आपली घटना मान्य केली. ती बहुतांशीं १७८७ च्या घटनेची नक्कल आहे. दोन प्रती शेजारीं ठेवून पाठभेद पाहणाऱ्यास मुख्य फरक लगेच सांपडतो: जेथें जुन्या घटनेंत आडवळण होतें, तेथें नव्या घटनेंत निग्रो गुलामांवरील मालकी कमी करणारा कायदा होणार नाहीं, असें उघड शब्दांत लिहिलें आहे. दहा दिवसांनीं त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनीं सव्हाना येथें भाषण करून, वंशावंशांतील विषमता हाच आमच्या राज्याचा कोनशिला-पाषाण आहे असें सांगितलें.

हेच स्टीफन्स युद्धानंतर १८६८-७० त दोन भागांचा ग्रंथ लिहून तंटा घटनात्मक तत्त्वाचा होता असें सांगतात, आणि सव्हाना येथील भाषण बातमीदारानें अपुरें टिपल्याचा खुलासा करतात. भाषणाच्या वृत्तांताविषयीं शंका घेणें रास्तच आहे. परंतु जाहीरनामे व घटना हे बातमीदाराचे टिपण नव्हेत. ते सह्या केलेले अस्सल दस्तऐवज आहेत. बखर व पत्र यांचा येथें विरोध येतो, आणि पत्राच्या बाजूनें निर्णय देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

संयुक्त संस्थानांच्या घटनेंत 'गुलामगिरी' हा शब्द प्रथम आला तो डिसेंबर १८६५ मध्यें, तेराव्या दुरुस्तीनें, आणि ती संपुष्टांत आणण्यासाठीं.

९. उपसंहार

या प्रकरणाचे पडसाद आपल्याकडेही उमटले. युद्धामुळें अमेरिकेचा कापूस बंद होऊन मुंबईंत पैशाचा पूर आला व १८६५ त ओसरला, हें सर्वश्रुत आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ त आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस अर्पण केला. तिकडील सर्वच लोक निःस्वार्थ नव्हते, हें वर आलेंच आहे. तरी कोणत्या बाजूच्या लोकांस आपलें म्हणावें, हें फुल्यांनीं अचूक ओळखलें.

आणि आमच्या घरचें काय? पेशवे दप्तरांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीचे, देणगीचे व पळून गेल्याचे उल्लेख आहेत. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें सरकारी कोर्टांत गुलामीची दाद लागेनाशी झाली, व पुढें पीनल कोडानें तो गुन्हा ठरला. अमेरिकेच्या १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत धन्याचें नांव आहे. गुलामाचें वय, लिंग व वर्ण आहे. नांव बहुधा नाहींच. आपल्या याद्यांत कुणबिणीचें नांव पुष्कळदां सांपडतें. एवढा एक शब्द जपणें आपल्या हातीं आहे. मोहिमेचीं व तहाचीं पत्रें निवडून घेऊन घरखर्चाचे फुटकळ कागद रद्दींत टाकण्याची चाल संग्राहकांत अजून आहे. ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते फुटकळ म्हणून टाकूं नयेत. त्यांची नक्कल करून नोंद ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.